ज्वालामुखीचं तोंड शोधू नका, डोंगराच्या पायऱ्या मोजा

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. नववीच्या पंचवीस मुलांना घेऊन दोन दिवस कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात जायचं आहे आणि पुस्तकातला ज्वालामुखी प्रत्यक्ष दाखवायचा आहे. म्हणून ज्वालामुखीचं तोंड नेमकं कुठे आहे, हरिश्चंद्रगडाचा अर्धगोल कोकणकडा म्हणजेच ते तोंड का, कोणकोणते पॉइंट घ्यावेत, आणि शाळेच्या प्रयोगशाळेसाठी दगडांचे नमुने उचलून आणले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी भूशास्त्र शिकवायचे. पदवीच्या मुलांना घेऊन या भागात पंचवीसेक वर्षं गेले, निवृत्तीनंतर शाळांच्या सहलींबरोबरही जाते. त्या अनुभवावर सांगते. तोंडाचं उत्तर सरळ आहे: ते नाही. कोकणकडा हे विवर नव्हे, रतनगडाचं नेढं, म्हणजे माथ्यावरचं आरपार भोक, तेही नव्हे, आणि भंडारदऱ्याचं तळं तर मुळीच नव्हे. तो प्रवरेवर १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय आहे. (दर सहलीत एक तरी मोठा माणूस त्याला ‘क्रेटर लेक’ म्हणतोच.) महाराष्ट्रातल्या बेसाल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेल्या काळ्या खडकात, खरंखुरं विवर बघायचं तर लोणारला जावं लागेल, आणि तेही ज्वालामुखीनं नाही, उल्केच्या आघातानं पडलेलं.

पण तुमची खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. मुलांच्या डोक्यात ज्वालामुखी म्हणजे टोकाला भोक असलेला, धूर ओकणारा शंकू. तो शंकू घेऊन ती सह्याद्रीत आली की कुठलाही टोकदार सुळका त्यांना ज्वालामुखी वाटतो, आणि जे खरं समोर आहे ते दिसतच नाही. तुम्ही त्यांना दहा पॉइंट दाखवलेत तर दहा ठिकाणचे सेल्फी घरी येतील. सुरुवातीच्या वर्षांत मी तेच करायचे. परीक्षेत मुलांनी लिहिलं, ‘हरिश्चंद्रगड हा मृत ज्वालामुखी आहे.’ तीन दिवस माझ्याबरोबर उन्हातान्हात हिंडलेली मुलं होती ती! तेव्हापासून मी पॉइंट कमी केले आणि एकच गोष्ट शिकवायला लागले: डोंगर वाचायचा कसा.

आधी शंकूच्या जागी काय बसवायचं ते बघू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली आणि त्या भेगांतून लाव्हा पसरत गेला. उसळून डोंगर रचला नाही, सपाटीवर वाहत गेला. एक थर थंड झाला, त्यावर दुसरा आला, मग तिसरा. असे थरावर थर साचून दख्खनचा हा सगळा काळा कातळ तयार झाला. आज शिल्लक राहिलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय, आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात थरांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या आसपास जाते. बहुतेक लाव्हा सुमारे १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला. आपल्याला हा काळ अफाट वाटतो. भूशास्त्रात तो चटकन उरकलेल्या कामासारखा असतो.

मी मुलांना घावनाचं उदाहरण देते. पीठ तव्यावर ओतलं की ते पसरतं आणि वरच्या अंगाला जाळी पडते, कारण वाफेचे बुडबुडे वर येऊन फुटतात. लाव्ह्याचंही तसंच. त्यातला वायू वर चढतो, म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा आणि मधला भाग घट्ट, एकसंध असतो. आता अशी घावनं एकावर एक रचा आणि बाजूनं सुरीनं कापा. कापलेल्या कडेला घट्ट, जाळीदार, घट्ट, जाळीदार अशा पट्ट्या दिसतील. सह्याद्रीचा कोणताही कडा म्हणजे ही कापलेली कड. चित्र ढोबळ आहे हे मला मान्य आहे. या भागात पुष्कळ ठिकाणी एकेक प्रवाह सलग नसून लाव्ह्याच्या छोट्या छोट्या जिभा एकमेकींवर चढलेल्या आहेत. पण नववीला सुरुवात घावनापासूनच करा. जिभा नंतर आपोआप दिसायला लागतात.

आता पायऱ्या. घट्ट थर लवकर झिजत नाही आणि त्यातल्या उभ्या भेगांवरून मोठमोठ्या शिळा सुटून पडतात, म्हणून तिथे सरळ कडा तयार होतो. जाळीदार थरात पाणी मुरतं, तो कुजतो, त्याचा मुरूम होतो आणि तिथे उतार किंवा सपाटी पडते. कडा, सपाटी, कडा, सपाटी. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात तेही ह्याचमुळे. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून ते नाव आलंय. आपल्याकडे तर किल्ल्यांच्या भाषेत ही सगळी शब्दावली आधीपासूनच आहे. कडा म्हणजे घट्ट थर. माची आणि पदर म्हणजे मऊ थराची सपाटी. भटक्यांचा ‘पदर’ हा शब्द मला फार आवडतो, कारण डोंगराच्या अंगावर आडवी गेलेली ती झाडीची पट्टी खरंच लुगड्याच्या पदरासारखी दिसते. झाडी तिथेच का, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. माती तिथे साचते, ओल तिथे टिकते, म्हणून झाडी तिथे तगते आणि त्या झाडीत शेकरू असतं. म्हणजे शेकरू कुठे दिसेल हेही थोडंफार लाव्ह्यानं ठरवलंय.

हे मला पुस्तकातून आधी कळलं, पण पटलं ते हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाकडच्या एका म्हाताऱ्या बाबांमुळे. गडाच्या वाटेवर पाणी कुठे मिळेल म्हणून मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, “वरचा दगड पक्का, त्याच्या खालचा कच्चा. पक्क्यावरून पाणी पडतं, कच्च्यातून पाझरतं. पाझर बघायचा तर कड्याच्या बुडाशी जा.” मी वर्गात पाऊण तास बोलत असे ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल, गेरूसारखा थर असतो. एक लाव्हा थंड होऊन त्याच्या माथ्यावर माती धरू लागली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन तिच्यावर पसरला. तो लाल पट्टा म्हणजे दोन प्रवाहांच्या मधली उसंत. मुलांना तो सापडला की ती फार खूश होतात, कारण काळ्या डोंगरात तो लांबूनही ओळखू येतो.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते या अभयारण्यातली सगळ्यात मोठी शिकवण तीच आहे. कळसूबाई १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. महाबळेश्वरचा सर्वांत उंच माथा १४३८ मीटर. मुलांना विचारा, कुठल्या माथ्यावरचा लाव्हा नवा? सगळी कळसूबाई म्हणतील. थरावर थर रचला तर वरचा नवा, हे आत्ताच शिकवलं होतं ना! पण उत्तर महाबळेश्वर. कारण हे थर अगदी सपाट नाहीत, ते दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, एका अंशाहूनही कमी. डोळ्यांना तो कल दिसत नाही, पण इगतपुरीपासून महाबळेश्वरपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास गेलं की तेवढ्यानंही खूप फरक पडतो. उत्तरेकडे तळाचे जुने थर वर आलेत, दक्षिणेकडे ते खोल गेलेत आणि त्यांच्यावरचे नवे थर माथ्याला आहेत. म्हणूनच दख्खनच्या थरांची वर्गवारी करताना अभ्यासकांनी सर्वांत खालच्या, सर्वांत जुन्या गटाला कळसूबाईचं नाव दिलं. त्यावर लोणावळा गट, त्यावर वाई गट. राज्याचं सर्वांत उंच शिखर आणि सर्वांत खालच्या गटाचं नाव एकच, हे फळ्यावर लिहून ठेवा आणि मुलांना एक रात्र त्यावर झोपू द्या.

या जुन्या गटाची एक खूण हाताशी येण्यासारखी आहे. काही थरांमध्ये प्लेजिओक्लेज या खनिजाचे पांढरट स्फटिक बोटाच्या पेराएवढे, कधी त्याहूनही लांब असतात. काळ्या दगडात कुणी काड्या विखुरल्यासारखे. इगतपुरी–कसारा भागातले असे थर अभ्यासकांत प्रसिद्ध आहेत. एवढे मोठे स्फटिक वाहत्या लाव्ह्यात वाढत नाहीत. ते आधी खाली, जमिनीच्या पोटात, निवांत वाढलेले असतात आणि नंतर लाव्ह्याबरोबर वर आलेले असतात. नाशिक-मुंबई महामार्गानं येणार असाल तर घाटातल्या कातळाकडे गाडीतूनच बघा. उतरू नका, तिथे थांबायला जागा नाही.

आता कोकणकड्याकडे येऊ. तो तोंड नसेल तर तसा अर्धगोल, आत ओढलेला का? खालचे कमकुवत थर पाऊस आणि वारा खात जातात, वरचे घट्ट थर छज्ज्यासारखे पुढे राहतात. मग त्यांचा आधार सुटतो आणि उभ्या भेगांवरून शिळा कोसळतात. कडा एक पाऊल मागे सरतो. असं लाखो वेळा झालंय. सह्याद्रीची सगळी पश्चिम कड अशीच मागे मागे सरत आली आहे, आणि तिच्या पायथ्याशी उरलं ते कोकण. पश्चिमेकडे उतरणाऱ्या ओढ्यांना समुद्र जवळ, उतार तीव्र, म्हणून ते जोरात कोरतात. पूर्वेकडे जाणाऱ्या मुळा-प्रवरेला बंगालच्या उपसागरापर्यंतचा पल्ला गाठायचाय, म्हणून त्या संथ. कोकणाच्या बाजूनं डोंगर कुरतडला जातोय आणि देशाच्या बाजूनं हळूहळू उतरतोय, हे एकाच जागी उभं राहून दिसतं असं ठिकाण म्हणजे हा कडा. एक खबरदारी. पोटावर झोपून खाली डोकावण्याची जी पद्धत पडली आहे ती मुलांसोबत अजिबात नको. कड्याच्या काठाला समांतर भेगा असतात, आणि त्या भेगेच्या पलीकडचा दगड म्हणजे पुढे कधीतरी कोसळणारी शिळा. मुलांना दहा-पंधरा पावलं मागे, बाजूला उभं करा. कड्याचा बाक तिथून जास्त चांगला दिसतो.

इंद्रवज्राबद्दल मुलं विचारतीलच. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्यानं इथे धुक्यात दिसलेल्या गोल इंद्रधनुष्याची नोंद केली. ते दिसायला सूर्य पाठीशी आणि धुकं समोर खाली लागतं. कडा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य पाठीशी येतो तो सकाळीच. संध्याकाळी कड्यावर इंद्रवज्राची वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत; त्यांना सूर्यास्त मिळतो, तोही काही कमी नाही.

सहलीचं वेळापत्रक तीन-चार गोष्टींवर ठरेल. मुलांना चालण्याची सवय किती, तुम्ही कुठल्या महिन्यात जाताय, बरोबर मोठी माणसं किती, आणि त्या आठवड्यात वन विभागानं काय उघडं ठेवलंय. पावसाळ्यात पायऱ्या सगळ्यात छान दिसतात, कारण प्रत्येक घट्ट थरावरून एकेक धबधबा पडत असतो. पण पंचवीस मुलं घेऊन तेव्हा जाऊ नका. मे-जूनमधली काजवे बघणाऱ्यांची गर्दी टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा माझा काळ: गवत वाळलेलं असतं, कातळ उघडा दिसतो, ऊन सोसण्यासारखं असतं.

पहिल्या दिवशी चढायचं नाही. भंडारदऱ्याच्या शेंडी गावाहून जलाशयाच्या कडेकडेनं घाटघर, साम्रद, रतनवाडी असा फेरा करा. सकाळी पाण्याच्या काठाला थांबून मुलांना कागद द्या आणि समोरच्या डोंगररांगेची फक्त बाह्यरेषा काढायला लावा. रंग नको, झाडं नको, ढग नको. अर्ध्या तासानं बघा. ज्यांनी त्रिकोण काढलेत त्यांना पुन्हा बघायला लावा. रतनगड असो की अलंग, मदन, कुलंग असो, माथे सपाट आणि अंगाला पायऱ्या. प्रत्येकानं आपल्या चित्रात कडे मोजायचे आणि शेजाऱ्याशी पडताळायचे. दोन वेगळ्या डोंगरांवरच्या पायऱ्या साधारण एकाच उंचीवर येतात हे एखाद्या मुलानं स्वतः ओळखलं तर सहल वसूल झाली असं समजा. कारण त्याचा अर्थ असा, की हे डोंगर वेगवेगळे उगवलेले नाहीत. एकाच सलग पठाराचे हे उरलेले तुकडे आहेत, मधलं सगळं पाण्यानं नेलंय. त्या मुलाच्या डोक्यातला शंकू तिथेच मोडतो.

घाटघरला कड्याच्या काठाजवळ जमिनीवर बाटलीतलं पाणी ओता आणि ते कुठल्या बाजूला जातंय बघा. तुम्ही जलविभाजकावर उभे आहात. इथे पडलेल्या पावसाचा एक भाग प्रवरेतून गोदावरीला आणि पुढे बंगालच्या उपसागराला जातो. काही पावलं पलीकडे पडलेला कड्यावरून खाली कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. नकाशावरची रेघ पायाखाली सापडली की मुलं चिडीचूप होतात.

साम्रदला सांदण दरी आहे. तिथे मात्र आत फार जाऊ नका. तोंडाशी पन्नास-शंभर पावलं पुरेत. खडकातल्या भेगेच्या रेषेवर पाण्यानं कोरत कोरत केलेली ही घळ आहे, काही ठिकाणी इतकी अरुंद की आकाश पट्टीसारखं दिसतं. पुढे पाण्याचे डोह लागतात आणि दरी सरळ कोकणाच्या बाजूला उघडते. मुलांना दोन्ही भिंतींसमोर उभं करून एकच काम द्या: डाव्या भिंतीवरचे थर उजव्या भिंतीवर त्याच उंचीला सापडतात का? सापडले तर जमीन वर-खाली सरकलेली नाही, फक्त फाटली आणि धुपली. न सापडले तर मग प्रश्न अवघड होतो, आणि तोही चांगलाच. उत्तर तुम्ही सांगू नका. ढगाळ दिवस असेल तर दरीच नको, कारण वर कुठेतरी पडलेला पाऊस घळीत लोंढा होऊन येतो आणि पळायला बाजूला जागा नसते.

रतनवाडीत अमृतेश्वराचं देऊळ आहे. कोरीवकाम बघून झालं की मुलांना दगडाकडे बघायला लावा. एवढं बारीक काम कोणत्या दगडात जमेल? भेगा कमी असलेल्या. उभ्या भेगांचा दगड छिन्नी लागली की भलतीकडेच उडतो. घरं आणि देवळं बांधणाऱ्यांना, लेणी खोदणाऱ्यांना हा फरक हातानं कळत होता. वर रतनगडाच्या माथ्यावर आरपार भोक दिसतं ते नेढं. त्याचं श्रेय सगळे वाऱ्याला देतात. माझ्या मते वाऱ्याचा वाटा थोडा, जास्त काम कमकुवत जागी मुरलेल्या पाण्याचं आहे. अरुंद धार दोन्ही अंगांनी झिजत गेली आणि मधे भेट झाली.

दुसऱ्या दिवशी राजूरमार्गे पाचनईला जा आणि तिथून हरिश्चंद्रगड चढा. खिरेश्वरकडून तोलार खिंडीची वाट सुंदर आहे, पण मुलांना ती लांब पडेल. पाचनईची वाट मी शिकवण्यासाठीच निवडते. एका टप्प्यावर ती प्रचंड, पुढे झुकलेल्या कातळभिंतीच्या पोटातून जाते. डोक्यावर घट्ट थर, खांद्याशी कच्चा थर. कोकणकड्यावर जे दुरून बघायचं तेच इथे हात लावून बघता येतं. भिंतीत पांढरे, हिरवट ठिपके दिसतात का बघा. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत नंतर झिरपलेल्या पाण्यानं खनिजं भरली की असे ठिपके होतात. कुठे गारगोटी, कुठे कॅल्साइट, कुठे स्टिल्बाइटसारखी झिओलाइट गटातली खनिजं. थराच्या अगदी बुडाशी कधी नळीसारख्या उभ्या पोकळ्या असतात. त्या एका बाजूला वाकलेल्या असतील तर लाव्हा कुठल्या दिशेनं वाहत होता याचा त्यावरून अंदाज येतो. बाटलीतलं थोडं पाणी भिंतीवर शिंपडा, ओल्या दगडात सगळं दुप्पट स्पष्ट दिसतं. माझ्या पिशवीत हातोडीच्या जागी आता पाण्याची बाटली आणि दहापट भिंग असतं.

गडावर देऊळ, पुष्करणी, केदारेश्वराची गुहा सगळं बघा. गुहेच्या चार खांबांपैकी एकच उरलाय आणि त्यावरून युगांची गोष्ट सांगतात. ती ऐकूनच घ्या, भूशास्त्राचा धडा प्रत्येक ठिकाणी द्यायचा नसतो. मग कोकणकडा, आणि उजेड असताना परत खाली. चढणं जमणार नसेल तर गड सोडून द्या. रंधा धबधबा घ्या. तिथे प्रवरा सुमारे १७० फूट खाली उडी घेते आणि घट्ट थराची एकच पायरी अगदी जवळून बघायला मिळते. कळसूबाईच्या शिखरावर मी मुलांना भूशास्त्रासाठी नेत नाही. शिड्यांवरच्या रांगेत दगड बघायला कुणाला वेळ मिळत नाही.

डायनासोरचा प्रश्न येणार, तेव्हा तयारीत राहा. ते इथल्या लाव्ह्यात सापडत नाहीत. त्यांचे अवशेष लाव्ह्याखालच्या आणि काठावरच्या गाळाच्या खडकांत मिळतात, आपल्या राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला. मेक्सिकोतला उल्कापात आणि दख्खनचा लाव्हा साधारण एकाच काळातले. डायनासोर संपण्यात त्यातला कुणाचा दोष किती, यावर अजून वाद चालू आहे. आणि हे अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीत आहे असं तुम्ही लिहिलंय, पण ते त्या यादीत नाही. २०१२ च्या पश्चिम घाटाच्या नोंदीत महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. पाचगणी–महाबळेश्वरचे दख्खन ट्रॅप २०२५ साली संभाव्य यादीत गेले. कळसूबाई–हरिश्चंद्रगड हे १९८६ पासूनचं वन्यजीव अभयारण्य आहे, सुमारे ३६२ चौरस किलोमीटरचं.

आणि म्हणूनच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही नाही असंच आहे. अनेकांना वाटतं, प्राणी मारायचा नाही, झाड तोडायचं नाही, दगडाला काय होतंय? भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये वनोपजाची जी व्याख्या आहे तिच्यात जंगलातली माती, दगड आणि खनिजंही येतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ तीच व्याख्या घेतो, आणि त्याच्या कलम २९ प्रमाणे अभयारण्यातून वनोपज परवानगीवाचून काढता येत नाही. म्हणजे खिशात टाकलेला स्फटिकही त्यात आला. नाक्यावर नोंद करताना, शुल्क भरताना वनरक्षकाला ‘शाळेची सहल आहे, दगड बघायचेत, उचलायचे नाहीत’ असं आपणहून सांगा. मग तेही मोकळेपणानं दोन जागा सुचवतात.

कायद्याच्या पलीकडचं कारण मला माझ्याच हातानं मिळालं. तिशीत असताना एका वाटेवर मी स्फटिकांनी भरलेली एक सुंदर पोकळी हातोडीनं फोडली. अर्धे स्फटिक चुरा झाले, उरलेले मी पिशवीत घातले. जुना कातळ बाहेरून तपकिरी, राखाडी होतो. फोडलेली जागा ताजी काळी राहते. पुढच्या वर्षी मुलांना तिथे नेलं तेव्हा दाखवायला स्फटिक नव्हते, फक्त तो काळा ओरखडा होता. अजूनही तो बऱ्यापैकी ओळखू येतो. त्यानंतरच्या प्रत्येक तुकडीला मी ती जागा दाखवते आणि कुणी केलं तेही सांगते.

तुम्हाला प्रयोगशाळेसाठी नमुने हवेतच, तर परतीच्या वाटेवर, अभयारण्य आणि वनहद्द सोडल्यावर, एखाद्या परवानाधारक दगडखाणीच्या मालकाला विचारा. आधी फोन करून ठेवा आणि मुलांना यंत्रांपासून लांब ठेवा. घट्ट दगडाचा एक, जाळीदार एक, पांढऱ्या ठिपक्यांचा एक, लाल गेरूसारख्या थराचा एक, एवढे चार तुकडे पुरतात. मालक बहुतेक वेळा हसतो, कारण ठिपक्यांचा दगड खडीसाठी त्याला नकोच असतो, आणि पोतंभर न्या म्हणतो. आमच्या विभागातल्या कपाटातले सगळे नमुने असेच आलेत, एक खोका सोडून. त्यावर जागेचं नाव लिहिलेलं नाही.